खालचं भिंग

दौंडच्या चौकात एसटीतून उतरल्यावर हनुमंतानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, शर्ट खाली ओढला आणि उगाचच वर बघितलं. वर फ्लेक्स होता. आता फ्लेक्स कुठं नसतो? शिरूरला त्याच्या स्टुडिओच्या समोर दर पंधरवड्याला एक नवा टांगतात. कुणीतरी कुणाचा तरी आधारस्तंभ असतो, मोबाइल कानाला लावून कुठंतरी लांब बघत असतो, आणि खाली शुभेच्छुकांची तिकिटाएवढी तोंडं दाटीवाटीनं बसवलेली असतात. हाही तसलाच. युवकांचे आशास्थान विश्वजीतदादा, भांडगाव, यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. कडक पांढरा शर्ट, कोरून काढलेली दाढी, सत्तावीसेक वर्षांचा तरणाबांड गडी. हनुमंत मान खाली घालणारच होता, तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यातल्या एका गोलावर गेली. गोलाखाली लिहिलं होतं ‘तेव्हा’, आणि मोठ्या गड्याखाली ‘आता’. गोलात एक वर्षाचं पोर होतं, नुकताच गोटा केलेलं, टाळूवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, कुणाच्या तरी पांढऱ्या धोतराच्या मांडीवर बसलेलं. पोराच्या कानामागून उन्हाची एक कड आली होती आणि समोरून तोंडावर मऊ उजेड होता. भर दुपारी तसला उजेड आपोआप पडत नाही, तो पाडावा लागतो. तो कुणी पाडला होता हे त्या चौकातल्या दोन-तीनशे माणसांत फक्त हनुमंताला ठाऊक होतं. आणि नेमका हाच फोटो, मांडी कापून, नुसतं तोंड मोठं करून, इथून अर्ध्या मैलावर त्याच्या सख्ख्या बहिणीच्या, म्हाळसाच्या, घरात भिंतीवर सव्वीस वर्षं हार घालून टांगलेला होता. त्याच्याखाली लिहिलं होतं ‘कै. सावळाराम’.

त्यानं फ्लेक्सच्या बांबूला हात लावला. माणसं बाजूनं जात होती, एका बाईनं त्याला ‘सरका की वो मामा’ म्हटलं तसा तो सरकला. मग त्याच्या डोक्यात जे आलं त्याची त्याला पुढं जन्मभर लाज वाटत राहणार होती, पण त्या क्षणी ते आलंच. काल म्हाळसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भाची रुपालीनं फोन केला होता, मामा, उद्या अकराला पट्टी काढणार हायेत, या तुम्ही, आईला बरं वाटंल. म्हणून तर तो आला होता, पिशवीत सफरचंदं घेऊन. आणि आता तो बांबूला धरून मनातल्या मनात म्हणत होता, देवा, पट्टी नको निघू देऊ. आठ दिवस नको निघू देऊ. आठ दिवसांनी हा फ्लेक्स उतरंल, कुणीतरी शेतावर छपराला नेईल, मग काढ पट्टी, मग सगळं लख्ख दिसू दे तिला. सख्खी बहीण आंधळी राहावी म्हणून प्रार्थना करणारा भाऊ. काय माणूस आहेस तू हनमा, असं तो स्वतःला म्हणाला, आणि तरी पुन्हा तेच मागितलं.

त्याचे वाडवडील मेंढरं हाकत आले. बापानं मेंढरं विकून जमिनीचा तुकडा घेतला, आणि याला जमीनही नको होती. याला कॅमेरा हवा होता. दौंडला स्टेशनच्या अंगाला बबनरावांचा स्टुडिओ होता, तिथं त्यानं चार वर्षं झाडू मारला, पाणी भरलं, फोटो धुवायच्या हायपोच्या वासात जेवला, आणि चौथ्या वर्षी बबनरावांनी त्याच्या हातात एकशेवीसच्या रोलचा तो जुना चौकोनी कॅमेरा दिला. पुढून दोन भिंगं, एकावर एक. वरच्या भिंगातून आलेलं चित्र वरच्या काचेवर दिसायचं, डोकं खाली घालून ते बघायचं. फोटो घ्यायचं ते खालचं भिंग. आणि शटर त्या खालच्या भिंगाच्या पोटात. पाच पाती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, एकमेकांवर झोपलेली. बटण दाबलं की क्षणभर फुलासारखी उघडायची आणि मिटायची. आवाज म्हणशील तर काहीच नाही, नख नखावर वाजावं एवढा. बाकीच्या स्टुडिओवाल्यांकडे पडद्याच्या शटरचे कॅमेरे होते, खाडकन वाजणारे, आणि त्यांना उन्हात फ्लॅश मारता यायचा नाही. मारला तर अर्धा फोटो काळा. या पात्यांच्या शटरला कुठल्याही स्पीडला फ्लॅश चालायचा, पाचशेला सुद्धा. म्हणजे भर बाराच्या उन्हात, फेट्याखाली काळंठिक्कर पडलेलं तोंड हनुमंत उजळून काढायचा, आणि मागं आभाळ गडद निळसर राहायचं. घोडनदीच्या काठच्या गावांत बोलबाला झाला. मेंढक्याच्या पोरानं उन्हाला लगाम घातला म्हणायचे. तो ऐकायचा आणि फुगायचा. का फुगू नये, वय होतं तीसच्या आतलं.

बबनरावांनी दोन गोष्टी मात्र कान धरून सांगितल्या होत्या. ‘वरचं भिंग बघतं, खालचं घेतं. वरच्याला काय बी दिसू दे, खालचं मिटलंय का उघडलंय ते तुला वरनं कवाच कळणार न्हाई. म्हणून रोल भरायच्या आधी मागचं झाकण उघडायचं, उजेडाकडं धरायचं आन् बटण दाबून बघायचं. पाती उघडली तर त्यो कॅमेरा, न्हाई तर डबा.’ आणि दुसरी, शटरच्या कडेला एक बारीक दांडी होती तिच्याविषयी. ती खाली ओढली की दहा सेकंदांनी शटर आपोआप सुटायचं, म्हणजे काढणाऱ्यालाही पळत जाऊन फोटोत बसता यायचं. ‘जुन्या शटरला ही दांडी लई वंगाळ. आतलं चाक अडकलं की पाती गेली. हिला हात लावलास तर हात मोडीन.’ पंधरा वर्षं हनुमंतानं त्या दांडीला हात लावला नव्हता.

लावला तो सावळ्याच्या जावळाला. नव्याण्णव साल. म्हाळसाला लग्नानंतर सहा वर्षांनी झालेलं पोर. तिच्या सासूचा दंडक असा, की जावळ निघेस्तोवर पोराचा फोटो काढायचा नाही, दृष्ट लागते. आणि हसून म्हणायची, मामाच फोटोवाला हाय, जावळाला काढंल की डझनभर. दौंडबाहेरच्या माळावर खंडोबाचं देऊळ आहे, तिथं जावळ होतं. त्याच सकाळी तिथंच भांडगावच्या एका बागायतदाराच्या नातवाचं जावळ होतं, आणि त्यांनीही हनुमंतालाच सांगितलेलं. आधी त्यांचं उरकलं, त्यांच्या पाच फ्रेम झाल्या, बारापैकी सात उरल्या. तोच रोल त्यानं पुढं चालवला. झाकण उघडून बघायचा प्रश्नच नव्हता, आत अर्धा रोल होता. आणि जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा तर हाच. दाजी म्हणाले, ‘द्या हिकडं, मी दाबतो की बटण, त्यात काय हाय?’ काय हाय! हनुमंताला राग आला. पंधरा वर्षांत त्यानं त्या कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. ‘ऱ्हाऊ द्या दाजी, तुमचं काम न्हाई ते,’ असं चारचौघांत म्हणून त्यानं कॅमेरा तिवईवर लावला, दांडी खाली ओढली, आणि धोतर सावरत पळत जाऊन पोराला मांडीवर घेऊन बसला. घर्रर्र आवाज झाला, शेवटी बारीकशी टिक. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं पोराचे एकट्याचेही काढले, म्हाळसाच्या कडेवरचे काढले, आजीच्या मांडीवरचे. दरवेळी वरच्या काचेवर सगळं झकास दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरूरला डार्करूममध्ये त्यानं रोल धुऊन दिव्यासमोर धरला. पाच फ्रेम छान, भरलेल्या. पुढं काहीच नाही. पाण्यासारखी स्वच्छ पट्टी, टोकापर्यंत. त्यानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, उजेडाकडं धरलं, बटण दाबलं. टिक वाजली. पाती जागची हलली नाहीत.

सांगायला हवं होतं. तेव्हाच, त्याच संध्याकाळी, दौंडला जाऊन, अगं म्हाळसे, माझ्या मस्तीनं वाट लागली, पोराला घे, आत्ता काढतो. शटर दुरुस्त व्हायला पुण्याला टाकलं होतं, पण फोटो काय दुसऱ्याच्या कॅमेऱ्यानं निघत नव्हता? निघत होता. पण मग दाजींना कळलं असतं. आठवडाभरानं म्हाळसानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, रोल अजून संपला न्हाई गं, चार फ्रेम ऱ्हायल्यात. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दिवाळीला ती माहेरी येईल तेव्हा गुपचूप काढू, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि विसरून गेला. जावळानंतर चाळीस दिवसांनी पोराला ताप भरला. तिसऱ्या दिवशी पोर गेलं. एवढ्या लहान पोराला पुरतात, दहावं-तेरावं काही नसतं, सगळं लगेच आवरतं. पाचव्या दिवशी म्हाळसा उंबऱ्याला टेकून बसली होती, तिच्या अंगावरचं दूध अजून आटलं नव्हतं, चोळी ओली होत होती. ती म्हणाली, ‘दादा, त्यो रोल संपला का?’

हनुमंत होय म्हणाला. काय म्हणणार होता दुसरं? शिरूरला आला आणि त्यानं चार नंबरची निगेटिव्ह फोटो मोठा करायच्या मशीनला लावली. भांडगावच्या पोराची. दोघं एकाच वयाची, दोघांचा गोटा, दोघांच्या डोक्यावर तेच कुंकू. त्यानं त्या पोराच्या मामाची मांडी कापली, नवा अंगरखा कापला, तोंड तेवढं ठेवलं. दौंडला नेऊन दिलं तेव्हा म्हाळसानं फ्रेम मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. काचेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, ‘दादा, ह्यो सावळा न्हाई वाटत.’ आजूबाजूला बाया होत्या. हनुमंताच्या तोंडून शब्द असे निघाले जसे आधीच तयार करून ठेवलेले असावेत, ‘तुला तापातलं तोंड आठवतंय म्हाळसे. ह्यो तापाच्या आधीचा हाय. आन् गोटा केल्यावर पोराचं तोंड वळखू येत न्हाई.’ बायांनी माना डोलावल्या, व्हय बाई, बदलतंच. म्हाळसा त्यांच्याकडं बघत राहिली, फोटोकडं बघत राहिली. ‘आसंल,’ ती म्हणाली.

त्यानंतर हनुमंत शटर उघडायला शिकला. कुणी शिकवलं नाही, स्वतःच सुई आणि चिमटा घेऊन बसला. पाती पेट्रोलमध्ये धुवायची, कोरडी करायची, तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, एकेक जागेवर ठेवायची, कानाशी धरून एक सेकंदाचा स्पीड ऐकायचा. फिल्मचे कॅमेरे बंद पडले, स्टुडिओत झेरॉक्स आली, आधारचे फोटो आले, तरी तो शटर उघडत राहिला. आता पाच-सात वर्षांत पुण्याची पोरं जुने एकशेवीसचे कॅमेरे घेऊन येतात, सणसवाडीच्या कंपन्यांतले इंजिनियर येतात, काका, स्लो स्पीड अडकतोय, काका, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. पोरांना वाटतं काकाला नाद आहे. शे-सव्वाशे शटरं उघडली असतील त्यानं. प्रत्येक वेळी शेवटी मागचं झाकण उघडून तो कॅमेरा खिडकीकडं धरतो, बटण दाबतो, पाती उघडतात, पलीकडचा उजेड दिसतो, आणि प्रत्येक वेळी त्याला रडू येतं. पोरांसमोर तो डोळ्यात पेट्रोल गेलं म्हणतो.

दवाखान्यात पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि पट्टी निघालेली होती. म्हाळसा बाकावर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. रुपाली गोळ्यांच्या पाकिटावर पेनानं वेळा लिहीत होती. म्हाळसानं चष्मा वर करून भावाकडं बघितलं. ‘म्हातारा झालास की दादा,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं माझ्याच डोळ्याला धुकं हाय, म्हणून केस पांढरं दिसत्यात.’

‘दोन वर्सं मागं लागले होते मी,’ रुपाली म्हणाली. ‘नाही म्हंजे नाही. आन् गेल्या सोमवारी बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली, आन् म्हणते, उद्याच्या उद्या आपरेशन कर माझं. मला तर काही कळंनाच मामा.’

हनुमंताला तेव्हा कळायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात एकच, हिला चौकातून न्यायचं नाही. बाहेर येऊन त्यानं रिक्षा बोलावली आणि बहिणीला हात देऊन बसवता बसवता रिक्षावाल्याला हळूच म्हणाला, ‘मागच्या रस्त्यानं घे रं.’

‘तिकडं गटारीचं काम चाललंय मामा, समदं खोदून ठेवलंय.’

‘मग स्टेशनवरनं घे. लांब पडंना का.’

‘चौकातनंच घे बाबा,’ आतून म्हाळसा म्हणाली. ‘आन् त्या वाढदिवसाच्या बोर्डाखाली थांबव. मला बघायचंय.’

रिक्षा निघाली. हनुमंत पुढं ड्रायव्हरच्या कडेला अंग चोरून बसला होता, मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही. सव्वीस वर्षं त्यानं मनात एक भाषण तयार केलं होतं. त्यात बबनराव होते, दांडी होती, दाजी होते, तुझं दूध आटलं नव्हतं म्हणून माझ्यानं बोलवलं नाही असंही होतं. कधी रडून म्हणायचं, कधी पाया पडून. चौक येईपर्यंत त्यातला एक शब्द त्याला सापडेना.

म्हाळसा उतरली. तिनं चष्मा काढला. रुपाली म्हणाली, ‘आई, उन्हात नाही काढायचा, डॉक्टरांनी—’ तिनं हातानंच तिला थांबवलं. ऊन डोक्यावर होतं, तिच्या ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, ते पुसून पुसून ती वर बघत राहिली. आधी गोलाकडं. मग त्या पांढऱ्या शर्टातल्या गड्याकडं, पायापासून डोक्यापर्यंत. मग पुन्हा गोलाकडं.

‘सोमवारी धुरकट दिसलं,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, नीट बघाय पायजे.’ मग म्हणाली, ‘जित्तं हाय हे पोर.’

‘व्हय.’

‘कुणाचं?’

‘भांडगावचं. त्याच दिवशी जावळ होतं. त्याच माळावर.’

‘आन् माझ्याचा?’

‘शटर अडकलं होतं म्हाळसे. एक बी आला न्हाई.’

एवढंच निघालं. रुपाली एकदा आईकडं, एकदा मामाकडं बघत होती. जन्मापासून ज्याला ती ‘आमचा दादा’ म्हणत आली, राखी पौर्णिमेला ज्याच्या फ्रेमला राखी बांधत आली, तो वर कोपऱ्यात टांगलेला होता आणि त्याच्या शेजारी त्याचीच कोरलेली दाढी होती. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

‘म्हंजी मी बरोबर होते,’ म्हाळसा म्हणाली. ती ओरडली असती, चार लोकांत थोबाडीत मारली असती तर हनुमंतानं ती आनंदानं खाल्ली असती. ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. ‘मी सव्वीस वर्सं मनाला खात आले दादा. आपल्या पोटचं पोर, आन् आपल्याला त्याचं तोंड वळखू येईना. कसली आई म्हणायची ही? कुणापाशी बोलले न्हाई. ह्यांच्यापाशी सुदीक न्हाई, ते तसंच वारलं. रोज सकाळी फूल वाहताना म्हणायची, बाबा, तू माझाच, माझ्याच डोळ्यात खोट हाय, मला माफ कर. रोज म्हणायची. मग हळूहळू ते तोंड बसलं. आता डोळं मिटलं की हेच येतंय. माझा येत न्हाई. लई बोलावलं ह्या चार दिसांत, काल पट्टी बांधल्यावर तर अंधारात दुसरं कामच नव्हतं मला. न्हाई आला.’

‘म्हाळसे, मला—’

‘माफी मागू नको. तिचं मी काय करू?’ तिनं पदरानं डोळा टिपला. ‘तू त्याला मांडीवर घेतलं होतंस. पार जावळ निघेस्तोवर. पुन्हा कॅमेऱ्यातनं बी बघितलंस, माझ्या कडेवर. तुझं तर कामच बघायचं. तू सांग मला. कसा होता?’

हनुमंतानं डोळे मिटले. आहे, कुठंतरी आहे, असं त्याला वाटलं. मांडीवरचं वजन आठवलं, पोराचं ऊबदार ढुंगण धोतरावर, न्हाव्याचा ओला हात, मानेवर पडलेले बारीक केस. पोराची पाठ आठवली. तोंड? तोंड त्याच्याकडं नव्हतंच, ते पुढं होतं, आणि हा मान ताठ करून, मिशीवर हात फिरवून कॅमेऱ्याच्या भिंगाकडं बघत होता, आपला फोटो चांगला यावा म्हणून. मग कडेवरचं आठवून बघितलं. वरच्या काचेवर डोकं खाली घालून त्यानं काय बघितलं होतं? उन्हाची कड बघितली होती. आभाळ किती गडद येईल ते बघितलं होतं. पोर मधोमध आहे ना, एवढं बघितलं होतं. पण म्हाळसा समोर उभी होती, वाट बघत, डोळ्यातून पाणी गळत, आणि काहीतरी सांगायलाच हवं होतं. आत खोल काहीतरी हललं, एक तोंड वर आलं, आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं डोळे न उघडताच बोलायला सुरुवात केली.

‘गाल... गालावर जरा जास्तच मांस. आन् खालचा ओठ. खालचा ओठ पुढं काढायचा म्हाळसे, रडायच्या आधी. एक भुवई अशी वर. डाव्या बाजूची.’

म्हाळसा ऐकत होती. हलकेच मान हलवत होती. मग तिनं वर बघितलं. गोलातल्या पोराचा खालचा ओठ पुढं आला होता, गाल फुगलेले होते आणि डावी भुवई वर चढलेली होती. तिनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा डोळे मिटून बोलत असलेल्या भावाकडं.

‘आन्... आन् हसला की—’ हनुमंत म्हणाला आणि थांबला. हसताना काय व्हायचं ते त्याला कुठंच दिसेना. फोटोतलं पोर हसत नव्हतं.

म्हाळसानं चष्मा डोळ्यांवर चढवला. रुपालीच्या खांद्यावर हात ठेवून ती रिक्षात बसली आणि आत सरकली.

‘ऱ्हाऊ दे दादा,’ ती म्हणाली. ‘तुला बी न्हाई आठवत.’

मग तिनं रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगितला, आणि हनुमंत अजून उन्हातच उभा आहे हे बघून पुढच्या सीटकडं बोट केलं.